हळदीखालची खूण : छातीवरच्या खरचटण्याचं एक प्रकरण

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास तो दवाखान्यात आला तेव्हा गळ्यापासून बेंबीपर्यंत पिवळाधमक होता, हळदीच्या नवरदेवासारखा. वय चौतीस, चोपडा तालुक्यातला, केळी कापणीच्या टोळीत घड वाहायचं काम. मुराळी म्हणून बहिणीला यावलकडच्या गावाहून आणायला गेला होता. परतताना रस्त्याच्या कडेला सांडलेल्या बारीक खडीवरून मोटारसायकल घसरली. बहीण मागे बसलेली, ती बाजूला पडली आणि कोपर खरचटण्यावर निभावलं. हा मात्र हँडलवरून पुढे गेला आणि छातीवर चार-पाच हात घासत गेला. जवळच्या मळ्यातल्या घरून बहिणीने वाटीभर हळद तेलात कालवून आणली आणि छातीभर थापली. शर्टाचा उजवा भाग जखमेतच चिकटलेला, त्यावरही हळद.

ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील मी इकडचे तिकडे केलेत. बाकी सगळं रजिस्टरमध्ये आहे तसं.

त्याचं स्वतःचं निदान तयार होतं. "काही नही व्हयनं बाई, नुसतं छिलायनं." जखम धुऊन पट्टी मारा, घरी गौराईच्या गाण्यांची तयारी चाललीय, आईला उशीर नको व्हायला. बहीण रडत होती. सोबत आलेले दोघे मळ्यावरचे, ते एकच धोशा लावून होते : आधी टीटी मारा.

टेबलावर घेतल्यावर पहिल्या दोन मिनिटांत जे बघायचं ते बघितलं. नाडी 96, प्रेशर 122/78, बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन 97, श्वास मिनिटाला 22. दोन्ही फुप्फुसांत हवा सारखी जात होती. मानेच्या बुडाशी श्वासनलिका मधोमध. बोलताना धाप नाही. भर उन्हात पडलेल्या, घाबरलेल्या माणसाची नाडी 96 असणारच, असं मी स्वतःला सांगितलं. बाहेर पारा 43 च्या वर होता. पोट दुखतं का विचारलं, नाही म्हणाला. छातीला हात लावला तर सगळीकडेच दुखत होतं, आणि ते स्वाभाविकच वाटलं, कारण उजवी छाती सोलवटलेली दिसतच होती.

इथे माझं थोडं चुकलं. ते पुढे येईलच.

उजवीकडची जखम मोठी होती. हासळीच्या हाडाखालून सुरू होऊन छातीच्या मधल्या हाडापर्यंत, 18 बाय 11 सेंटिमीटर. खरचटणं म्हणजे कातडीचा वरचा थर घासून निघणं. हा थर छातीवर वहीच्या कागदाइतका पातळ असतो, साधारण मिलिमीटरचा दहावा भाग. तेवढाच गेला तर रक्त येतच नाही, नुसती लस पाझरते आणि जागा गुलाबी, ओलसर दिसते. त्याखालच्या थराच्या वरच्या टोकांपर्यंत घासलं गेलं की रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उमटतात, जणू कुणी लाल पेनाने टिंबं काढलीत. या दोन्ही प्रकारांत नवी कातडी केसांच्या मुळांपासून आणि घामाच्या ग्रंथींपासून उगवते आणि आठ-दहा दिवसांत भरून येते. टाके नाहीत, ऑपरेशन नाही. पण तळाशी पिवळी चरबी दिसली किंवा जागा पांढरी पडून तिथे दुखणंच बंद झालं, तर ते साधं खरचटणं राहत नाही. ती सर्जनकडे पाठवायची जखम. याच्या जखमेचा बहुतेक भाग लाल टिंबांचा होता. मधल्या हाडाजवळ दोन रुपयांच्या नाण्याएवढी एक जागा जास्त खोल होती.

खरचटण्याला दिशा असते. घासली गेलेली सालटी एका काठाला गोळा होतात, रंधा मारल्यावर भुसा एका बाजूला जमतो तशी. याची सालटी खालच्या, पोटाकडच्या काठाला जमली होती. म्हणजे रस्ता छातीवरून वरून खाली गेला, माणूस डोक्याच्या दिशेने सरकला. तो सांगत होता त्याच्याशी हे जुळत होतं. अपघाताची नोंद पोलिसांत जाते तेव्हा अशी एक ओळ लिहिलेली असली की पुढे वाद मिटतात, म्हणून मी ती लिहितेच. जखम ताजी आहे की जुनी हेही दिसतं. ताजी लाल आणि ओली. दुसऱ्या दिवशी लालसर खपली. तीन-चार दिवसांनी तपकिरी, मग काळपट, आणि आठवड्याच्या आसपास खपली काठांपासून सुटायला लागते. मात्र जखम ओलसर झाकून ठेवली तर खपली धरतच नाही आणि हा हिशेब लागू होत नाही.

छातीवर लाल, ओलं काही दिसलं की ते खरचटलेलंच असतं असं नाही, हेही सांगून ठेवते. मागच्या पावसाळ्यात एक आजी "रात्री झोपेत खरचटलं" म्हणून आल्या. एका बाजूला पाठीपासून छातीपर्यंत पट्टा आणि त्यात पाण्याचे फोड. ती नागीण होती. पावसाळ्यात दिव्यापाशी येणारा एक लहान किडा अंगावर चिरडला गेला तरी सकाळी चाबकाचा फटका बसल्यासारखी लाल रेघ उठते. बिब्बा उतल्याच्याही जखमा येतात. यातल्या कुठल्याच माणसाला पडल्याचं किंवा घासल्याचं आठवत नाही. खरचटणं आपोआप होत नाही, त्यामागे काहीतरी घडलेलं असतं. ते काय होतं, हे जखम बघताना विचारायचंच.

आता धुणं. शर्ट ओढायचा नाही. सलाइन ओतून ओतून दहा मिनिटं भिजवला, मग तो आपोआप सुटला. धुण्याआधी 2 टक्क्यांची लिग्नोकेन जेली लावून पंधरा मिनिटं ठेवली, कारण खरचटणं कापण्यापेक्षा जास्त झोंबतं. नसांची टोकं उघडी पडलेली असतात. ही जेलीही हात राखून वापरायची. उघड्या जागेतून औषध रक्तात जातं. 10 मिलीत 200 मिलिग्रॅम होतात, साठ किलोच्या माणसाला मी त्यापुढे जात नाही.

सलाइनच्या बाटलीच्या झाकणाला सुईने चार-पाच भोकं पाडली की चांगली पिचकारी होते. दोन बाटल्या संपल्या, तिसरी काढली. घरी असाल तर पिण्याच्या पाण्याचा नळ किंवा तांब्याची धार पुरते. स्वच्छ वाहतं पाणी सलाइनपेक्षा कमी नाही, हे आता सगळे मानतात. कमी पडतं ते पाणी आणि वेळ. दोन मग ओतून "धुतली" म्हणणारे खूप. आधी हाताला लागेल तेवढी धूळ जाते, मग रुतलेले कण दिसायला लागतात आणि खरं काम तिथून सुरू होतं. याच्या जखमेत खडीचे कण होतेच, शिवाय मे महिन्याच्या उन्हात पाघळलेलं डांबर. काळे कण चिमट्याने एकेक उचलायचे, उरलेले निर्जंतुक मऊ ब्रशने हलक्या हाताने काढायचे. डांबराला व्हॅसलीन लावून पाच मिनिटं थांबायचं, ते मऊ होऊन गॉजवर येतं. पेट्रोल, घासलेट नको, तो उघड्या कातडीवर दुसरा मार असतो. ही चिकाटी पहिल्या दिवशीच लागते. कण आत ठेवून वरून कातडी धरली की गोंदल्यासारखे निळे-काळे ठिपके कायमचे राहतात, आणि नंतर ते काढायला लेझर लागतो.

स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि न पातळ केलेलं आयोडिन मी उघड्या जखमेत ओतत नाही. जंतू मरतात हे खरं, पण भरून आणणाऱ्या पेशीही मरतात. फेस आला म्हणजे घाण निघाली, असा लोकांचा समज आहे. फेस रक्तावरही येतो. आयोडिन भोवतीच्या चांगल्या कातडीला लावायला ठीक.

हळदीबद्दल मला भांडण करायचं नाही. घरोघरी ती लावतात. तिने रक्त थांबल्यासारखं वाटतं आणि लावणाऱ्याला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. पण स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते. तेलात कालवली की ती जखमेवर लेप धरते, खालची माती आत कोंडते आणि सगळं पिवळं करून टाकते. कातडीचा रंग दिसतच नाही. आणि छातीच्या जखमेत रंगच वाचायचा असतो.

उजवी बाजू बहुतेक धुऊन झाली होती. खालचा कोपरा तेवढा राहिला होता. कंपाउंडर डाव्या बाजूची हळद ओल्या गॉजने पुसत होता, केवळ नीटनेटकं दिसावं म्हणून. तिथे तो थांबला. म्हणाला, "मॅडम, इथे गोल कसलं?"

डाव्या स्तनाग्राच्या बरंच खाली, बरगड्यांच्या शेवटच्या फळीवर, एक चंद्रकोर होती. तीन-साडेतीन सेंटिमीटरची, कड लालसर, मधली कातडी शाबूत. रक्ताचा थेंब नाही. सालटी नाहीत. दिशा नाही. ती घासून झालेली नव्हती, दाबून उमटलेली होती. मोटारसायकलच्या मुठीच्या टोकाचा शिक्का. हँडल वळलं असणार आणि त्याचा सगळा भार त्या एका गोलावर बरगडीत शिरला असणार. इकडची एवढी मोठी जखम रस्त्याने केली होती, पण रस्त्याने जोर हातभर जागेवर वाटला होता. मुठीने तो नाण्याएवढ्या जागेवर टाकला.

त्या खुणेवर बोट ठेवलं तर त्याने ओठ दाबले. खोल श्वास घ्यायला सांगितला तर अर्ध्यात थांबला. बाजूने बरगडी हलके दाबली, कळ नेमक्या त्याच जागी. आणि मग, मी काही विचारलं नसताना, तो म्हणाला : "डावा खांदा दुखस. पन खांदावर तं मी पडनूच नही."

या वाक्याने माझं लक्ष जखमेवरून एकदम उडालं. नवव्या ते अकराव्या डाव्या बरगडीच्या आड प्लीहा असते, जुन्या माणसांच्या भाषेत पाणथरी. ती फाटली आणि रक्त वर, छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली साचलं की पडद्याची नस चिडते. ती नस मानेतून निघते, म्हणून कळ खांद्यावर कळते. खांद्याला मार नाही, सूज नाही, हात सगळीकडे फिरतो आणि तरी खांद्याचं टोक दुखतं, हे पोटातल्या रक्ताचं लक्षण. पुन्हा नाडी मोजली, 112. प्रेशर 114/76. पोटाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात हात टेकवला तर ते ताठ होत होतं. तासाभरापूर्वी "पोट दुखतं का" म्हणून मी विचारलं होतं. दाबून पाहिलं नव्हतं. मोठ्या, लाल, ओरडणाऱ्या जखमेने मला तेवढा वेळ खिळवून ठेवलं होतं. कंपाउंडरने हळद पुसली नसती तर मी पट्टी मारून त्याला आखाजीला घरी पाठवलं असतं, आणि दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शनही दिलं असतं. त्याने रक्त गोठायला आणखी अडथळा आला असता. ते भरून ठेवलेलं इंजेक्शन मी ट्रेमधून काढून टाकलं.

गावात सोनोग्राफी सणामुळे बंद. दोन्ही हातांना सलाइनच्या सुया लावल्या, पॅरासिटामॉलची बाटली शिरेतून दिली, तोंडाने काही द्यायचं नाही म्हणून सांगितलं आणि 108 ला फोन केला. उजव्या जखमेचा खालचा कोपरा तसाच राहिला. तिथले काळे कण मला दिसत होते. त्यावर व्हॅसलीन, पॅराफीनची जाळी, वर गॉज आणि चिकटपट्ट्या, एवढंच. छातीभोवती पट्टा गुंडाळला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण बरगडीला मार लागला की उपरण्याने किंवा क्रेप बँडेजने छाती आवळून बांधायची पद्धत अजून आहे. आवळली की दुखणं जरा कमी वाटतं, पण माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, खालच्या फुप्फुसात कफ साचतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो.

टीटीवाले दोघे अजून दारातच होते. बहिणीच्या मोबाइलमध्ये लसीच्या कार्डाचा फोटो निघाला. तीन वर्षांपूर्वी विळा लागला तेव्हा तीन डोस पुरे केलेले. म्हणजे आज काहीच लागत नव्हतं. नियम असा आहे : मूळ कोर्स पूर्ण असेल तर मळक्या जखमेला शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असली तरच पुन्हा, स्वच्छ लहान जखमेला दहा वर्षं. कोर्स झालाय की नाही हेच माहीत नाही आणि जखम शेतातल्या मातीची, तर लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचं 250 युनिटचं इंजेक्शनही हवं. आपल्याकडे उलट चालतं. वर्षाला चार वेळा ओरखडा, चार वेळा टीटी. आणि जिला कधीच लस मिळाली नाही ती आजी हळदीवर. आता सरकारी केंद्रांत टीडी मिळते, धनुर्वाताबरोबर घटसर्पाचीही. नाव बदललंय म्हणून "ती टीटी नव्हे" असं समजून परत फिरू नका.

गाडी पाऊण तासात आली. विदगावचा तापीचा पूल ओलांडून जळगावला पोचेपर्यंत रात्र झाली. बहीण सोबत गेली. आखाजीला माहेरी जायचं ते तिचं तसंच राहिलं.

जळगावला सोनोग्राफीत प्लीहेभोवती रक्त दिसलं, सीटी स्कॅनमध्ये प्लीहा मध्यम खोलीवर चिरलेली, दुसऱ्या श्रेणीची इजा. नववी आणि दहावी बरगडी तडकलेली. साध्या एक्स-रेत दहावीच काय, नववीही धड दिसली नव्हती. एक्स-रेत फ्रॅक्चर दिसलं नाही म्हणजे बरगडी शाबूत, असं कधीच धरू नये. ऑपरेशन करावं लागलं नाही. प्रेशर टिकून होतं म्हणून नुसतं झोपवून ठेवलं, दर काही तासांनी नाडी आणि हिमोग्लोबिन. ते 12.6 वरून दुसऱ्या दिवशी 10.9 वर आलं आणि तिथेच थांबलं. अशी फाटलेली प्लीहा बरेचदा स्वतःच सांधते. मात्र पहिला आठवडा घातक असतो, उशिरानेही रक्तस्राव होऊ शकतो. सहा रात्री ठेवलं.

सातव्या दिवशी तो माझ्याकडे परत आला, या वेळी जखमेसाठी. वॉर्डात प्लीहेकडे सगळ्यांचं लक्ष होतं आणि ते बरोबरच होतं. छातीवरचं ड्रेसिंग कुणीतरी कोरड्या कापसाने केलं होतं, ते वाळून चिकटलं होतं. भिजवून सोडवायला पुन्हा अर्धा तास गेला. वरचा, धुतलेला भाग नव्या गुलाबी कातडीने भरलेला. मधली खोल जागा अजून ओली. आणि तो राहिलेला खालचा कोपरा सुजलेला, पिवळसर पू, भोवती दोन बोटं लाली. ताप नव्हता. लाल रेघ काखेकडे जात नव्हती. तीही बघायचीच असते. कोपऱ्यापुरतं मलम आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. साध्या धुतलेल्या खरचटण्याला मी गोळ्या देत नाही, इथे कारण होतं. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागलं, वास आला, लाली पसरली, की दाखवायला यायचं, हे मी बहिणीला कागदावर लिहून दिलं, कारण त्याचा स्वतःचा निकष अजून "काही नही व्हयनं" हाच होता.

त्याच्या आईने विचारलं, "बाई, केळनं पान बांधी देऊ का?" मी हसले, पण प्रश्न खुळा नव्हता. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरून दाखवलं, 2003 मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. पान गुळगुळीत आणि मेणचट असतं, जखमेला चिकटत नाही, ओल टिकवतं, बदलताना दुखत नाही. म्हणजे महाग पॅराफीन जाळीचं काम स्वस्तात. फक्त ती पानं पट्ट्या करून कापडावर चिकटवून ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेली होती. आमच्याकडच्या बागेतलं पान म्हणजे वरून करप्याची फवारणी आणि खाली माती. आईला मी म्हटलं, पानाचा गुण खरा आहे, आपल्या पानाचा भरवसा नाही. तिला ते पटलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून ती उकळून वाळवलेलं सुती कापड आणि व्हॅसलीनची नवी डबी घेऊन बसली.

ओलसर ठेवायचं हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड. "जखमेला हवा लागू द्या, खपली धरू द्या" हे आपण सगळे ऐकत मोठे झालो. 1962 मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेली उथळ जखम उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने नवी कातडी धरते. खपलीखालून नव्या पेशींना भुयार खणत जावं लागतं, ओलाव्यावरून त्या सरळ सरकतात. पण ओलसर म्हणजे चिखल नव्हे, आणि खानदेशातल्या मे महिन्यात हा फरक रोज सांभाळावा लागतो. छातीला घाम येतो, पट्टी भिजते, चिकटपट्टीखाली घामोळं उठतं. म्हणून रोज सकाळी आंघोळीत साध्या साबणाच्या पाण्याने जखम धुवायची, टिपून कोरडी करायची, व्हॅसलीनचा पातळ हात, वर जाळी आणि एक पदर गॉज. दुपारी घामाने भिजली तर पुन्हा बदलायची. टेरिकॉटचा शर्ट बंद, जुनं मऊ बनियन उलटं घालायचं, म्हणजे शिवण जखमेवर येत नाही. केस मोठे असतील तर कात्रीने कापायचे, ब्लेडने नको. दुकानातून आणलेली पावडर भुरभुरायची नाही, ती घामात मिसळून सिमेंट होते. चट्ट्याची म्हणून मिळणारी स्टिरॉइडची ट्यूब तर मुळीच नाही.

बरगड्यांसाठी पॅरासिटामॉल, आणि खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. जागेपणी दर तासाला दहा खोल श्वास. हे त्याने केलं, कारण जळगावहून मिळालेल्या, श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायच्या प्लास्टिकच्या यंत्राशी घरातली पोरं पैजा लावत होती.

कामाचं मात्र त्याला पटेना. केळीचा घड वीस-पंचवीस किलोचा, खांद्यावर घेऊन बांधापर्यंत चालायचं, ट्रकमध्ये चढवायचं. टोळीचा हिशेब घडांवर. न जाणारा बाद. मी आणि जळगावच्या सर्जननी मिळून तीन महिने म्हटलं होतं. तो पाचव्या आठवड्यात विचारायला आला, सातव्यात पुन्हा. शेवटी मुकादमाला बोलावून घेतलं आणि सीटीची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून ती काळी रेघ दाखवली. मुकादम म्हणाला, त्याला मोजणीला बसवतो, वजन उचलायला नाही. मजुरी कमी, पण टोळीत नाव राहिलं.

डावी चंद्रकोर पंधरा दिवसांत पुसली गेली. तिची काही खूणच उरली नाही.

पोळ्याच्या सुमारास तो शेवटचा आला तेव्हा उजवी छाती भरली होती, रंग भोवतीपेक्षा गडद. तो सहा-आठ महिन्यांत उतरेल. मधल्या हाडावरची ती खोल जागा मात्र वर उचलली गेली होती, कडक आणि खाजणारी. छातीच्या मधल्या हाडावरची कातडी सतत ताणलेली असते, तिथे व्रण फुगायची खोड जास्त. सिलिकॉनची जेल दिली, दिवसातून दोनदा, तीन महिने. वाढत राहिलं तर व्रणात इंजेक्शन द्यावं लागेल, हेही सांगितलं. आणि खालच्या कोपऱ्यात सहा-सात काळे ठिपके होते. मोजले.

"हे जातीन का?" त्याने विचारलं.

लेझरने जातात, जळगावला किंवा नाशिकला सोय होते, दोन-तीन बैठका लागतील, खर्च सांगितला. त्याने बोटाने ठिपक्यांवरून हात फिरवला, बनियन खाली ओढलं आणि बहिणीच्या कोपराचं विचारलं, तिथे अजून काळं दिसतं म्हणे, तिला कोणतं मलम लावू. तिला मी व्हॅसलीनच सांगितलं.